सगळे बसेपर्यंत

माझ्या नावावर दोनशे बारा पाककृती छापून आल्या आहेत आणि त्यांतली एकही माझी नाही. मला स्वयंपाक येत नाही असं नाही. पोट भरण्यापुरता येतो, आणि माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी दवाखान्यात गेलेलं नाही. पण एका साप्ताहिकात 'अर्ध्या तासाचा स्वयंपाक' हे सदर मी चार वर्षं चालवलं, ते आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या जिवावर. त्या रांधायच्या, मी स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभी राहायची. त्या बोटांनी दाखवायच्या 'एवढं', मी लिहायची 'पाऊण चमचा'. वर माझा फोटो, खाली माझं नाव. फोटोत माझ्या हातात एक पळी आहे, तीसुद्धा ताईंचीच.

ताईंना याचं काही वाटत नाही, असं मी धरून चालले होते. विचारलं मात्र कधीच नाही.

गेल्या महिन्यात साप्ताहिकाच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. त्या सदराचं पुस्तक निघणार होतं. मुलगी कामाची होती, सगळे जुने अंक वाचून बसली होती.

"मॅडम, एकशे अठ्ठ्याहत्तराव्या अंकातला कोळंबी-पालक भात घेतोय. सोपा आहे, पौष्टिक आहे, एका भांड्यात सगळ्या घराचं जेवण होतं. पण दोन अंकांनंतर तुमचा एक खुलासा आहे. तो खाली टीप म्हणून टाकायचा का?"

"कसला खुलासा?" मी विचारलं. मला चांगलं माहीत होतं कसला.

तिने वाचून दाखवलं. "'कोळंबी-पालक भाताची कृती माझी नसून माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे. त्या केवळ अंदाजाने स्वयंपाक करत असल्याने त्यांनी सांगितलेली वेळ चुकीची निघाली. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.' ठेवू का तसंच? पुढच्या शुक्रवारी छपाईला जातंय."

एकोणीस वर्षांनी ते शब्द मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. दोनशे बारा आठवड्यांत ताईंचा उल्लेख एवढा एकदाच आला होता. "थांब जरा," मी त्या मुलीला म्हटलं, "सोमवारी सांगते."

त्याचं असं झालं होतं. तेव्हा आम्ही एकत्र राहायचो. खाली एक मोठं स्वयंपाकघर आणि खाणारी नऊ तोंडं: सासूबाई, ताई आणि आमचे मोठे दीर, त्यांची तीन मुलं, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. दिरांना सगळं घर दादा म्हणायचं. दादा घड्याळं दुरुस्त करायचे. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. अख्ख्या मोहल्ल्याची घड्याळं वेळेवर चालवणारा हा माणूस जेवायला मात्र रोज सगळ्यात शेवटी यायचा. हाक मारली की आतून "आलोच" म्हणायचा. मग एकेक स्क्रू डबीत जायचा, डबीला झाकण लागायचं, दिवा विझायचा, आणि तेलाचा वास जाईपर्यंत तीनतीनदा साबणाने हात धुणं चालायचं. मुलं ताटावर चमचे वाजवत बसायची.

कोळंबीचा तो भात ताई महिन्यातून दोन रविवार करायच्या. कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, लसणाच्या तेलात मिनिटभर परतायची, आणि रंग बदलायला लागला की अर्धकच्चीच बाहेर काढून ठेवायची. त्याच तेलात कांदा, टोमॅटो, मूठभर वाटाणे, तांदूळ, पाणी. भात होत आला की बचकभर चिरलेला पालक. मग वरून कोळंबी पसरायची, लिंबू पिळायचं, जड झाकण ठेवायचं आणि दारात येऊन हाक मारायची, "चला, बसा." बस, एवढंच. ज्यांना पालक दिसला तरी रडू यायचं ती आमची मुलं त्या भातातला पालक मुकाट्याने खायची. संपादकांना दर आठवड्याला 'यातून काय मिळतं' अशी चौकट लागायची. त्या आठवड्यात मला प्रथिनं, लोह आणि काय काय लिहायला मिळालं. नेहमी मी ती चौकट ओढूनताणून भरायची.

"झाकण किती वेळ ठेवायचं, ताई?"

"सगळे बसेपर्यंत."

"असं छापता येत नाही हो. मिनिटं सांगा."

"मला काय ठाऊक मिनिटं. तूच बघ घड्याळात."

मी बघितलं. दारात उभी राहून, मनगटावर डोळे लावून, झाकण पडल्यापासून झाकण उघडेपर्यंत मोजलं. बारा मिनिटं भरली. मी लिहिलं, 'झाकण ठेवून बारा मिनिटं शिजवा.' माझे डोळे घड्याळावर होते. झाकण ठेवताना ताईंचा दुसरा हात काय करत होता, हे मी पाहिलंच नाही.

पत्रांचा पाऊस पडला म्हटलं तर खोटं होईल, पण तेवीस पत्रं आली. तोवर कौतुकाचीसुद्धा एवढी एकदम आली नव्हती. कोळंबीचं रबर झालं, असं बहुतेकांचं म्हणणं. एका बाईच्या घरी व्याही पहिल्यांदा जेवायला आले होते आणि त्यांनी कोळंबी हळूच रुमालात गुंडाळली. एका निवृत्त मास्तरांनी तर कार्डाला चिकटपट्टीने एक कोळंबीच लावून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, 'नातवंडं हिने दोन दिवस खेळली, तरी हिला काही झालं नाही.' आमच्या घरात त्या कार्डावर सगळे पोट धरून हसले. ताईही हसल्या. कुणाच्या चुकीवर हसतोय हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी ताईंनी पुन्हा तो भात केला, आणि या वेळी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी एका हाताने झाकण ठेवलं आणि दुसऱ्या हाताने गॅस बंद केला. इतक्या सहज, की त्यांच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती. कोळंबी नुसत्या वाफेवर होत होती. चूक माझी होती, सबंध माझी. ती मला त्या क्षणी कळली, आणि खुलासा मी त्यानंतर तीन दिवसांनी लिहिला.

का लिहिला ते सांगते. संपादक रागावले होते. एक आहारतज्ज्ञ बाई माझ्या अर्ध्या पानावर कधीच्या डोळा ठेवून होत्या, त्या पदवी असलेल्या, मी बिनपदवीची. 'मी दाराशी उभी होते, मला गॅस दिसला नाही' असं छापलं असतं, तर पुढच्या आठवड्यात लोकांनी विचारलं असतं की बाई, मग रांधतं कोण? तेव्हा मी सगळं खापर ताईंच्या माथ्यावर फोडलं. त्यांचं काय जाणार होतं? त्यांचं कुठे नाव होतं, असा माझा हिशेब.

साप्ताहिक बुधवारी यायचं आणि जेवण झाल्यावर दादा माझं सदर मोठ्याने वाचून दाखवायचे. हा त्यांचा नेम. त्या बुधवारी त्यांनी ते मनातच वाचलं आणि घडी घालून ताटाखाली सरकवलं.

"वाचा की," ताई म्हणाल्या.

"काही विशेष नाही."

"वाचा हो."

दादांनी वाचलं. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यांनी दोनदा विचारलं, "काय म्हणतोय?" ताई माझ्याकडे वळल्या. रागाने नाही. खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होत्या.

"मी बारा म्हटलं होतं का गं?"

आजही मला तो प्रश्न ऐकू येतो. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. छापलेलं राहू दे छापलेलं, घरात तरी खरं बोलायचं होतं. त्या घरातली आठ माणसं ऐकत होती, आणि माझ्या सदराचं काय व्हायचं ते त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

"हो ताई," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हटलं असेन," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

त्या आठवड्यात ताईंनी दादांकडून एक टेबलावरचं घड्याळ मागून घेतलं, किल्लीचं, हिरव्या तबकडीचं. ते त्यांनी गॅसच्या शेजारी ठेवलं. त्यानंतरच्या कृती त्या मला मिनिटांसकट सांगायला लागल्या. 'कांदा चार मिनिटं. थांब, साडेचार लिही.' मला वाटलं, बरं झालं, माझं काम सोपं झालं. सदर आणखी बत्तीस आठवडे चाललं. मग संपादक बदलले, पान आहारतज्ज्ञ बाईंना गेलंच, आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं आणि गोष्ट तिथे संपली. माझ्यापुरती संपली.

फोननंतरच्या रविवारी सकाळी मी किलोभर कोळंबी आणि दोन जुड्या पालक घेऊन ताईंकडे गेले. त्या आता मुलाकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा बस चालवतो, सून रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत असते, आणि एक दहा वर्षांची नात आहे, तिला पृथ्वीवरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल प्रश्न पडतात. दादांना जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या पर्समध्ये नवा खुलासा लिहून ठेवलेला होता. बेत असा होता, की ताईंसमोर ती कृती एकदा नीट करून बघायची, बोलता बोलता चूक कबूल करायची, खुलासा वाचून दाखवायचा, त्या 'अगं, जाऊ दे' म्हणतील, आणि सोमवारी फोन करून मी मोकळी.

पिशवी बघून ताई म्हणाल्या, "कोळंबी कशाला आणलीस? ती मी करत नाही."

मला वाटलं, बहात्तर वर्षांच्या डोळ्यांना तो काळा दोरा दिसत नसेल. "मी सोलते. तुम्ही नुसतं सांगा."

"मला नको विचारूस. माझ्याच्याने ती बिघडते."

"आजीला सगळं येतं," नात म्हणाली, "फक्त कोळंबी येत नाही."

मुलगा दाराशी बूट काढत होता. तो म्हणाला, "काकू, काय आणलंस हे? लहानपणी मी यासाठी रविवारची वाट बघायचो. मग आईने एकदम बंदच केलं." आणि आंघोळीला निघून गेला. जाताना त्याने टॉवेलने नातीलाही बाहेर हुसकावलं.

ओट्यावर ते हिरव्या तबकडीचं घड्याळ होतं. चालू होतं.

मी कोळंबी सोलायला बसले. मान खाली होती, म्हणून बोलता आलं. बेतात ठरवल्यासारखं बोलता बोलता काही आलं नाही, सगळं एकदम आलं. दारात उभी होते, गॅस बघितला नाही. पुढच्या रविवारी बघितला. कळलं, आणि कळूनही तसं छापलं. "आणि तुम्ही बारा म्हटलंच नव्हतंत, ताई. तुम्ही म्हणाला होतात, सगळे बसेपर्यंत. मी खोटं बोलले."

ताई पालक निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत, फक्त हळू झाले.

"त्यानंतर एकदा केली होती मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे कुठल्याशा लग्नाला गेला होतात. मनात धाकधूक. दर मिनिटाला झाकण उघडून बघायची. मग वाटलं कच्ची आहे, पुन्हा गॅस लावला. चामडं झालं नुसतं. म्हटलं, लोक लिहितात ते खरंच आहे. इतकी वर्षं घरातले बिचारे बोलले नसतील."

"ताई, मला—"

"ऐक. हे आजारी होते ना, शेवटचे दोन महिने यांना काही म्हणजे काही जायचं नाही. एक दिवस म्हणाले, तो कोळंबीचा भात कर. मी म्हटलं, नको, बिघडते ती, मऊ भात देते कालवून. पुन्हा एकदा म्हणाले. म्हणाले, बिघडली तर बिघडली. मी म्हटलं, आजारी माणसाला रबर घालू का खायला?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला काढलं. "मग नाही मागितली त्यांनी."

माझ्या हातात कोळंबी तशीच राहिली. मी इतकी वर्षं समजत होते की मी ताईंचं श्रेय घेतलं, एकदा त्यांना चारचौघांत कमी लेखलं, आणि हे सगळं माफी मागून फिटण्यासारखं आहे. मी दादांच्या तोंडचा घास काढला होता हे मला माहीतच नव्हतं. त्याची माफी मी आता कुणाकडे मागणार होते? मला रडू आलं आणि ते आल्याचा रागही आला, कारण त्या घरात त्या घटकेला रडायचा हक्क माझा नव्हता.

"रडू नकोस, खारट होईल," ताई म्हणाल्या. "दोरे नीट काढ. अर्धे ठेवतेयस."

पर्समधला कागद मी काढला. "हे छापतेय, ताई. कृती तुमची, नावानिशी. आणि चूक माझी."

"छाप. पण मला वाचून दाखवू नकोस. वाचून दाखवायचं काम यांचं होतं."

त्या उठल्या, पदर खोचला आणि कढई ठेवली. मी सोललेली कोळंबी त्यांनी एकेक करून उलटून पाहिली, दोन मला परत केल्या. लसणाचा वास सुटला तशी सून आतून आली आणि टोमॅटो चिरायला लागली. तांदूळ, वाटाणे, पाणी. ताईंनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. पालक पडला, वर कोळंबी पसरली, लिंबू पिळलं. एका हाताने झाकण, दुसऱ्या हाताने गॅस. मग त्या दारात गेल्या.

"चला, बसा."

आणि सगळे बसले. मुलगा, सून, नात, मी. लहान घर, चार खुर्च्या आणि एक स्टूल, यायला किती वेळ लागणार? मिनिटभरात सगळे जागेवर होते. मुलाने हात पुढे केला, "वाढ आई, जाम भूक लागलीय."

"थांब. झालं नाही अजून."

"तूच तर हाक मारलीस."

"थांब म्हटलं ना."

आम्ही थांबलो. नातीने विचारलं, "आपण कुणाची वाट बघतोय?" सुनेने तिला डोळ्यांनी गप्प केलं. ताई कढईच्या कानावर फडकं धरून उभ्या होत्या, तोंड बाहेरच्या दाराकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला रस्त्याकडची खोली नव्हती. त्या काय ऐकत होत्या ते मला कळत होतं. डबीत स्क्रू, डबीचं झाकण, दिव्याचं बटण, तीनदा नळ. मुलाच्या लक्षात केव्हा आलं कोण जाणे, त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

मग ताईंनी झाकण उचललं. माझी नजर सवयीने मनगटाकडे गेली, आणि त्यांनी ते पाहिलं.

कोळंबी मऊ होती. पहिला घास मुलाने घेतला आणि तो खाली मान घालून जेवत राहिला.

"बारा मिनिटं बरोबर होती गं तुझी," ताई मला म्हणाल्या. "यांना तेवढीच लागायची." आणि त्यांनी नातीचं ताट पुढे ओढलं.